उद्यापनानंतर दिसलेला डाग

ज्या विषयासंबंधीं आज लिहावयाचें योजिलें आहे, तो बैठकीच्या खोलींत निघण्यासारखा नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्या घरांत हें मासिक जातें, त्या प्रत्येक घरांत पन्नाशी ओलांडलेली एक तरी स्त्री असतेच. आणि तिच्या प्रकृतीची जी गोष्ट ती सहसा कोणास सांगत नाहीं, तिच्यासंबंधीं हा लेख आहे. तेव्हां संकोच बाजूस ठेवून आधीं घरचीच हकीकत सांगतों.

आमच्या थोरल्या काकूंची पाळी एकावन्नाव्या वर्षीं थांबली आणि पुढच्याच भाद्रपदांत त्यांनीं ऋषिपंचमीचें उद्यापन केलें. त्या दिवसापासून घरांतील सोवळ्याचा सर्व कारभार त्यांच्या हातीं आला. गौरीचा नैवेद्य, पितृपक्षांतला स्वयंपाक, नवरात्रांतली माळ, यांतून महिन्याचे चार दिवस वजा करावयाचें कारण उरलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर इतक्या वर्षांनीं मिळालेल्या ह्या मोकळिकीचा त्यांना थोडा अभिमानहि होता. नऊ वर्षें अशीं गेलीं. एकसष्टाव्या वर्षीं, गौरी यावयाच्या आदल्या दिवशीं, त्यांना परकरावर सुपारीएवढा एक डाग दिसला. लगोलग सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक आणि वीस पानें व्हावयाचीं. अशा वेळीं ही गोष्ट बोलावी कोणाशीं? त्यांनीं परकर धुतला, स्नान केलें आणि कोणास कांहीं कळूं दिलें नाहीं.

पितृपक्षांत पुन्हां तसेंच झालें. दिवाळीच्या सुमारास तिसऱ्यांदां. माघ महिन्यांत सूनबाईच्या ध्यानांत आलें कीं, कपडे धुण्याचें यंत्र घरांत असतांना सासूबाई पहांटे उठून आपले कपडे हातानें वेगळे धुतात. तिनें विचारलें. काकू म्हणाल्या, “कांहीं नाहीं ग, अंगांतली उष्णता बाहेर पडते आहे.” सूनबाईनें आग्रह धरला तेव्हां जवळच्या एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनीं तपासणी न करतांच रक्त थांबविण्याच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलें, सर्वांस हायसें वाटलें, आणि आणखी सहा आठवडे वायां गेले.

पाळी बंद होऊन बारा महिने लोटले म्हणजे ऋतुनिवृत्ति झाली असें वैद्यकशास्त्र मानतें. आपल्याकडे हें बहुधा सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास घडतें. त्या बारा महिन्यांनंतर दिसलेलें रक्त, मग तें लाल असो, तपकिरी असो किंवा नुसतें गुलाबी पाणी असो, पाळी नव्हे. हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची गोष्ट थोडी निराळी. तिचा निवाडा त्यांच्या डॉक्टरांनीं करावयाचा. इतर सर्वांच्या बाबतींत ‘वय परत आलें’ ही थट्टा करण्यापलीकडे त्या समजुतीस कांहींच आधार नाहीं. आणि उष्णतेचें म्हणाल, तर गुलकंद आणि सब्जा खाऊन ह्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं.

मग हें रक्त येतें कोठून? गर्भाशयाच्या आंतल्या अंगास एक मऊ अस्तर असतें. तरुणपणीं इस्ट्रोजेन ह्या अंतःस्रावानें तें दर महिन्यास वाढतें, प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या अंतःस्रावानें तें पक्व होतें, आणि दोन्ही ओसरले म्हणजे गळून पडतें. निवृत्तीनंतर बीजकोश थकतात आणि अस्तर पातळ व कोरडें होऊन बसतें. पुष्कळ स्त्रियांचा डाग ह्या कोरडेपणाचाच असतो. नाजूक झालेलें अस्तर किंवा योनिमार्गाची त्वचा जराशी खरचटते आणि रक्त दिसतें. कांहीं जणींच्या अस्तरावर देंठ असलेली लहानशी मांसल वाढ असते. तिला पॉलिप म्हणतात व ती बहुधा निरुपद्रवी असते. कांहींचें अस्तरच सगळें जाड होत गेलेलें असतें. आणि कांहींना कर्करोग असतो.

‘कांहींना’ म्हणजे किती जणींना, हें वाचकांस कळलें पाहिजे. कारण भीति मोघमपणांतच वाढते. निरनिराळ्या देशांत झालेले १२९ अभ्यास एकत्र करून, ४० हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें दिसलें कीं, निवृत्तीनंतर रक्त गेलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें नऊ जणींना अस्तराचा कर्करोग होता. एक्याण्णव जणींना नव्हता. परंतु त्याच आंकड्यांची दुसरी बाजू अशी कीं, ज्यांना हा रोग झाला होता, त्यांतील शंभरांपैकीं नव्वद जणींना हा डाग आधीं दिसलेला होता. पोटांतले बहुतेक कर्करोग मुकाट्यानें वाढतात. हा मात्र दाराची कडी वाजवून येतो. तो गर्भाशयापुरताच असतांना हातीं लागला, तर पांच वर्षें टिकण्याचें प्रमाण शंभरांत नव्वदांहून अधिक आहे, असें अमेरिकेंतील नोंदी सांगतात. कडी वाजली तरी घरांतील माणूस दार उघडत नाहीं, एवढीच काय ती अडचण.

अस्तर जाड होण्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे, कारण त्याचा संबंध आपल्या घरांतील ताटाशींहि पोंचतो. बीजकोश थकले तरी इस्ट्रोजेन सर्वस्वीं थांबत नाहीं. शरीरांतील चरबी तें थोडथोडें बनवीत राहते. त्याला आवर घालणारें प्रोजेस्टेरॉन मात्र आतां नसतें. बागेला पाणी मिळत जावें आणि छाटणी करणारा माळी निघून जावा, तसें हें होतें. म्हणून स्थूल स्त्रिया, मधुमेह असलेल्या, ज्यांची पाळी उशिरा गेली किंवा तरुणपणीं नेहमीं अनियमित होती, ज्यांस मूल झालें नाहीं, अशांना धोका अधिक. अमेरिकेंत एके काळीं उतारवयांतील स्त्रियांस तारुण्य टिकावें म्हणून नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास देत. डिसेंबर १९७५ मध्यें एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन निरनिराळे अभ्यास छापून आले, आणि त्या गोळ्यांनीं अस्तराचा कर्करोग अनेक पटींनीं वाढतो हें दोन्हींनीं दाखविलें. तेव्हांपासून जिचें गर्भाशय जागेवर आहे तिला इस्ट्रोजेन द्यावयाचें तर जोडीला प्रोजेस्टेरॉनचा माळी द्यावा, असा दंडक पडला. काही कुटुंबांत आंतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या दिसतो; अशा घरच्या लेकींनीं तर वयाची वाटहि पाहूं नये.

आतां तपासणीकडे वळूं. तिच्या धास्तीनेंच बायका गप्प बसतात, म्हणून ती कोठून कोठवर आली हें सांगणें अस्थानीं होणार नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें रेकामिये ह्या वैद्यानें गर्भाशयाचें अस्तर खरवडण्याचा चमचा प्रचारांत आणला. पुढें शंभर-सव्वाशें वर्षें तोच एक मार्ग होता. आपल्या आज्यांच्या बोलण्यांत ‘क्युरेटिंग केलें’, ‘पिशवी साफ केली’ असे शब्द येतात ते ह्याचेच. भूल द्यावी, मुख रुंद करावें, आणि हाताला लागेल तें खरवडून काढावें. आंत दिसत कांहींच नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंतील दोघा डॉक्टरांनीं, ज्यांचें गर्भाशय नाहीं तरी काढावयाचेंच होतें अशा पन्नास स्त्रियांचें आधीं क्युरेटिंग करून मग काढलेलें गर्भाशय उघडून पाहिलें. साठ टक्के स्त्रियांत निम्मीसुद्धां पोकळी खरवडली गेलेली नव्हती. अंधाऱ्या कोठींत हात घालून धान्याची एक मूठ काढावी आणि सगळ्या कणगीची पारख झाली म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार.

आंत पाहण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे, आणि आमच्या विषयाला ती फार जवळची आहे. १८६९ सालीं पान्तालेओनी नांवाच्या डॉक्टरानें, फ्रान्समधील डेसॉर्मो ह्यांनीं बनविलेल्या नळीच्या धर्तीवरील उपकरण घेऊन, दिव्याच्या उजेडांत एका स्त्रीच्या गर्भाशयांत डोकावून पाहिलें. ती साठ वर्षांची होती आणि तिची तक्रार कोणत्याहि उपायास न जुमानणाऱ्या रक्तस्रावाची होती. म्हणजे आमच्या काकूंचीच वयानें व दुखण्यानें जुळी बहीण. आंत त्याला एक पॉलिप दिसला. त्यानें तो सिल्व्हर नायट्रेटनें जाळून टाकला. गर्भाशय दुर्बिणीनें पाहिल्याची ही पहिली नोंद होय.

हल्लीं तपासणीचा आरंभ सोनोग्राफीनें होतो. पोटावरून फिरविलेल्या यंत्रांत अस्तर नीट दिसत नाहीं; म्हणून बोटाएवढी जाड, आच्छादन घातलेली कांडी योनिमार्गांत ठेवून चित्र घेतात. कांहीं मिनिटांचें काम. थोडें अवघडल्यासारखें होतें, दुखत सहसा नाहीं. ज्या अविवाहित आहेत किंवा ज्यांना ही तपासणी नकोशी वाटते, त्यांनीं तसें स्पष्ट सांगावें. त्यांच्याकरितां दुसऱ्या वाटा आहेत. पडद्यावर अस्तराची पांढुरकी रेघ दिसते. तिची सर्वांत जाड ठिकाणीं, समोरासमोरचे दोन्ही थर मिळून, मापणी करतात. मध्यें पाणी सांचलें असेल तर तें वजा करतात.

ह्या मापाचा अर्थ काय? उत्तर युरोपांतील देशांनीं मिळून केलेला एक अभ्यास १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निवृत्तीनंतर रक्त गेलेल्या १,१६८ स्त्रिया होत्या. त्यांतील ११४ जणींना कर्करोग निघाला. परंतु जिचें अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होतें अशी त्यांत एकहि नव्हती. पुढच्या अनुभवांत असा एखादा अपवाद सांपडला आहे, पण शंभरांत एकाहूनहि कमी. म्हणून डाग एकदांच दिसला, आणि रेघ ४ मिलिमीटरच्या आंत नीट व संपूर्ण दिसली, तर डॉक्टर बहुधा तेथेंच थांबतात. मात्र रक्त पुन्हां गेलें, तर रेघ कितीहि पातळ असो, अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय राहूं नये. कारण ह्या कर्करोगाची एक दुष्ट जात पातळ अस्तरांतहि उगवते.

येथें एक गोष्ट आम्हांला आवर्जून सांगावयाची आहे. ४ मिलिमीटरचा हा नियम रक्त गेलेल्या स्त्रीसाठीं आहे. अलीकडे वाढदिवसाची भेट म्हणून मुलें आईवडिलांची ‘संपूर्ण शरीरतपासणी’ करवितात. त्यांत सोनोग्राफी असते, आणि जिला कधीं थेंबभर रक्त दिसलें नाहीं अशा आईच्या अहवालांत ‘अस्तर ६ मिलिमीटर’ असें छापून येतें. त्या एका ओळीनें आमच्या ओळखीच्या एका घरांत तीन आठवडे कोणास झोंप नव्हती. रक्त नसतांना हेंच माप निराळें वाचावयाचें असतें. अशा स्त्रियांसाठीं २००४ सालीं कांहीं संशोधकांनीं हिशेब करून ११ मिलिमीटर ही मर्यादा सुचविली. तिच्या खालीं धोका अगदीं थोडा. अस्तराचें रूप चमत्कारिक दिसत असेल, किंवा वर सांगितलेल्या कारणांपैकीं कांहीं असेल, तर गोष्ट वेगळी. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांची रेघ तर त्या औषधानेंच जाड व सच्छिद्र दिसते. त्यांनीं उगाच मापें काढीत बसूं नये, पण एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यांत कळवावें, कारण त्या औषधानें निवृत्तीनंतरच्या वयांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका दोन ते तीन पटींनीं वाढतो.

रेघ जाड निघाली म्हणजे कर्करोग झाला असें मुळींच नव्हे. ती केवळ ‘आंत पाहा’ एवढेंच सांगते. मग तुकडा घेतात. त्यासाठीं आतां बहुधा भूल लागत नाहीं. सुमारें ३ मिलिमीटर जाडीची, वांकणारी प्लास्टिकची नळी असते. तिला पिपेल म्हणतात, आणि ती १९८० नंतरच्या दशकांत फ्रान्समधूनच आली. आंतला दट्ट्या मागें ओढला कीं नळी अस्तराचे कण शोषून घेते. एक-दोन मिनिटें पोटांत पाळीसारखी जोराची कळ येते. ती येणार हें आधीं ठाऊक असलें म्हणजे बाई घाबरत नाहीं, आणि आधीं वेदनाशामक गोळी विचारून घेतली तर बरें. कोरड्या गर्भाशयांतून पुष्कळदां पुरेसे कण निघतच नाहींत व अहवालांत ‘नमुना अपुरा’ असें येतें. रेघ पातळ असेल तर त्याचा अर्थ बहुधा चांगलाच. रेघ जाड असेल तर मात्र तो अहवाल म्हणजे उत्तर नव्हे, आणि तेवढ्यावर घरीं येऊं नये. सर्वत्र पसरलेला रोग ही नळी चांगला पकडते; एका कोपऱ्यांत लोंबणारा पॉलिप तिला चुकवून जातो. अशा वेळीं पान्तालेओनीची दुर्बीण, आतां पेन्सिलीहूनहि बारीक झालेली, उपयोगी पडते. निर्जंतुक खारें पाणी सोडून पोकळी फुगवितात, डोळ्यांनीं पाहून नेमका तोच भाग काढतात. आज अंधळें क्युरेटिंग करावयाचें तें दुर्बीण मिळत नसेल तेथेंच.

अहवालांतील शब्दांपैकीं एकच शब्द येथें समजावून देतों. अस्तराच्या जाड वाढीला हायपरप्लेझिया म्हणतात. तिच्यापुढें ‘ॲटिपिया नाहीं’ असें लिहिलें असेल, तर वर्षानुवर्षें गेलीं तरी थोड्याच जणींत ती कर्करोगापर्यंत जाते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीं किंवा तोच अंतःस्राव सोडणाऱ्या, गर्भाशयांत बसविण्याच्या साधनानें ती बहुधा ओसरते. ‘ॲटिपिया आहे’ असें असेल तर पेशींचें रूपच बिघडूं लागलें आहे असें समजावें. २००६ सालच्या अमेरिकन अभ्यासांत, नमुन्यांत ॲटिपिया निघालेल्या स्त्रियांचें गर्भाशय काढून पाहिलें तेव्हां शंभरांपैकीं त्रेचाळीस जणींत कर्करोग आधींच होता. म्हणून ह्या वयांत तेथें शस्त्रक्रियाच सुचवितात.

परंतु निदानाआधींच ‘पिशवी काढून टाका, कटकट नको’ असें कोणी म्हणेल, तर त्याला अहवाल कोठें आहे असें विचारावें. निदान न होतां गर्भाशय काढलें आणि आंत कर्करोग निघाला, तर शस्त्रक्रिया अपुरी झालेली असते. कांहीं नच निघालें, तर ती अनाठायीं झालेली असते. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची हकीकत बाहेर आली. तेथील पाहणींत ८२ हजारांवर स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. त्यांतल्या कितीजणी तर ऐन तरुण होत्या. त्या बायांजवळ वेळ नव्हता, पैसा नव्हता, आणि विचारणारें कोणी नव्हतें. आमच्या वाचकांजवळ तिन्ही असतां तीच घाई व्हावी हें समजण्यासारखें नाहीं.

आणखी एक गैरसमज सुशिक्षितांतच अधिक आढळतो. “गेल्या वर्षींच पॅप तपासणी झाली, ठीक होती,” असें सांगून बायका निश्चिंत होतात. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. आपल्या देशांत मुखाचा कर्करोग फार, म्हणून ती करावीच. पण उंबरठा झाडला म्हणून माजघर झाडलें जात नाहीं. तसेंच रक्त लघवीवाटे आलें कीं मूळव्याधीचें, हें उतारवयांत पुष्कळ जणींना सांगतां येत नाहीं. त्याचा निवाडा तपासणाऱ्यावर सोपवावा. डाग दिसलेली तारीख व चालू औषधांचीं नांवें, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचें, कागदावर लिहून न्यावीं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टळत नाहीं, हेंहि जातां जातां सांगून ठेवतों.

काकूंचें पुढें काय झालें, तें राहिलें. सूनबाईनें चैत्रांत त्यांना दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. रेघ १४ मिलिमीटर निघाली. त्याच बैठकींत नळीनें नमुना घेतला. काकू नंतर म्हणाल्या कीं, बाळंतपणें झालेल्या बाईला हें कांहींच नाहीं, उगीच सहा महिने देव पाण्यांत घातले. आठ दिवसांनीं अहवाल आला: कर्करोग, आरंभींचा. वैशाखांत शस्त्रक्रिया झाली. रोग गर्भाशयाच्या भिंतींत निम्म्यापर्यंतहि शिरला नव्हता. विजेची वा औषधांची पुढची कोणतीच झळ लागली नाहीं. ह्या गोष्टीला सहा वर्षें झालीं.

गेल्या गौरींना आम्ही तिकडे जेवावयास होतों. पुरणाची आमटी सूनबाईनें केली होती आणि काकू खुर्चींत बसून मीठ कमी पडल्याचें सांगत होत्या. बोलतां बोलतां जुनी गोष्ट निघाली. आम्हीं विचारलें, त्या दिवशींच कां नाहीं सांगितलें? काकू म्हणाल्या, “सांगितलें असतें तर वीस पानांचा स्वयंपाक कोणी केला असता?” सूनबाई वाढतां वाढतां म्हणाली, “मीं केला असता कीं. मला काय, चार वेळां विचारून झालें असतें.” काकूंनीं त्यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं, मीठ मात्र मागवून घेतलें.